गवताची गासडी तारेने का बांधतात?

दिवाळी सरली की कर्जत-मुरबाड रस्त्यावर आणि खालापूरहून पनवेलकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावर गवताने आणि पेंढ्याने शिगोशीग भरलेल्या गाड्या दिसू लागतात. काही गाड्यांत सुटे भारे रचलेले असतात, काहींत विटांसारख्या चौकोनी गासड्या. गासडी जवळून पाहिली तर तिच्याभोवती दोन-तीन तारा गेलेल्या दिसतात आणि प्रत्येक तारेची टोके एकमेकांभोवती पिळून सोडलेली असतात. कुठेही गाठ नाही, अडकवण नाही, कडी नाही, नुसते तीन-चार पीळ. ते पाहिल्यावर माणूस सहज विचारतो: एवढ्या पिळावर ही गासडी शंभर किलोमीटर टिकते कशी? सुतळी अशी नुसती पिळून सोडली तर क्षणात उलगडते. मग तार का उलगडत नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पेंढ्याचा स्वभाव, पोलादाचा स्वभाव आणि पिळण्याच्या छोट्या हत्याराची रचना या तिन्ही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. सुरुवात पेंढ्यापासून करू.

१. भारा पुरेसा का पडत नाही

उल्हास आणि पाताळगंगा या दोन नद्यांचा हा मुलूख भाताचा. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी राजनाल्याने शेतांत येते, म्हणून कर्जत तालुक्याच्या काही भागात पावसाळी भातापाठोपाठ उन्हाळी भातही होतो. दोन पिके म्हणजे पेंढाही दोनदा. शिवाय डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पावसाळ्यात माजलेले गवत असतेच.

कापलेल्या भाताचा भारा बांधायला तार लागत नाही. जुन्या पेंढ्याला पीळ देऊन केलेला बंध पुरतो. भारा डोक्यावरून खळ्यावर जातो, झोडणी होते आणि उरलेला पेंढा घराजवळच्या उडवीत रचला जातो. घरच्या जनावरांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे, कारण पेंढा फार दूर न्यायचा नसतो.

दूर न्यायचा झाला की हिशेब बदलतो. मुंबईला चाऱ्याची भूक फार जुनी. १८७४ ते १९०५ या काळात तिथल्या ट्रामगाड्या घोडे ओढत होते, टांगे आणि बग्ग्या वेगळ्याच, आणि म्हशींचे तबेले तर पुढेही वाढत गेले. १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहू लागली ती शहरातल्या तबेल्यांना बाहेर जागा देण्यासाठीच. एवढ्या जनावरांचा चारा शहरात उगवत नाही, तो भोवतालच्या तालुक्यांतूनच यावा लागतो. रेल्वे सुरू झाली आणि कर्जत मुंबईपासून रुळाने शंभर किलोमीटरवर आले. पण वाघिणीला काय किंवा आजच्या ट्रकला काय, मर्यादा असते ती जागेची. गवत हलके असते, पण जागा फार खाते.

एक साधा हिशेब करून पाहू. ट्रकच्या हौद्यात तीस घनमीटर जागा आहे असे धरू. सुटा पेंढा घनमीटरला साधारण पन्नास किलो भरतो असे मानले तर ट्रकमध्ये दीड टन जाईल. तोच पेंढा दाबून घनमीटरला एकशे वीस किलो केला तर साडेतीन टनांहून अधिक जाईल. डिझेल तेवढेच, चालक तोच, रस्ता तोच, माल मात्र दुपटीहून जास्त. दाबण्याच्या यंत्राचा आणि तारेचा खर्च या फरकातून निघतो.

२. दाबलेला पेंढा परत फुगतो

पेंढ्याची काडी पोकळ असते. ती दाबली की काही अंशी चेपते ती कायमची, पण काही अंशी वाकून पूर्ववत व्हायला टपलेली असते. हजारो काड्यांचा हा जोर एकत्र झाला की दाब काढताच अख्खा गठ्ठा फुगू पाहतो. म्हणूनच दाबणीची पेटी उघडण्याआधी, म्हणजे पेंढा आत दाबलेला असतानाच, तार भोवती गुंडाळून तिची टोके जोडावी लागतात. पेटीच्या भिंतींत उभ्या फटी ठेवलेल्या असतात त्या यासाठी.

आता या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तार पिळत असताना तिच्यावर फारसा ताण नसतो, कारण पेंढ्याचा जोर त्या वेळी पेटीने अडवलेला असतो. पेटी उघडल्यावर गासडी थोडी फुगते आणि तारेच्या वेढ्यात गच्च बसते. तार आवळण्याचे काम पीळ करत नाही, फुगणारा पेंढाच करतो. पिळाचे काम एवढेच, की आलेला ताण धरून ठेवायचा.

हे कळले नाही की माणूस तार जोराने पिळतच राहतो. आणखी दोन वेढे दिले तर गासडी आणखी घट्ट होईल, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तार पिळाच्या मुळाशी कमजोर होते आणि गाडीत चढवताना तिथेच तुटते. बांधकामावर सळया बांधणारा कारागीर तसलीच तार आणि ती पिळायचा तसलाच आकडा वापरतो, पण त्याला पिळानेच सळया आवळायच्या असतात. गासडीचे काम वेगळे आहे. माझ्या मते नवशिक्या माणसाला आकडा हातात देण्याआधी एवढी एक गोष्ट सांगितली तरी निम्म्या तारा वाचतील.

गासडीचा आकार कशावर ठरतो, हेही यातून कळते. ती वेढ्याच्या लांबीइतकीच फुगू शकते. एक तार आखूड आणि दुसरी लांब असेल तर गासडी वाकडी होते आणि गाडीत नीट रचता येत नाही. म्हणून तारांचे तुकडे आधीच एकसारखे कापून ठेवायचे असतात.

३. तारेवर किती ताण येतो

दोन मिलिमीटर जाडीची तार घेऊ. बाजारात तिला चौदा गेजची तार म्हणतात. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: बारा गेज म्हणजे सुमारे २.६ मिलिमीटर, चौदा म्हणजे २, अठरा म्हणजे १.२. दोन मिलिमीटर तारेचा छेद ३.१४ चौरस मिलिमीटर. मऊ पोलादी तार दर चौरस मिलिमीटरला साधारण ३५० न्यूटन ताण सोसते असे धरले, तर सरळ तार सुमारे ११०० न्यूटनला तुटेल. किलोच्या भाषेत हे झाले जवळजवळ ११० किलोचे ओझे.

आता गासडी आपल्या लांबीच्या दिशेने १५० किलोच्या जोराने फुगू पाहते असे समजू. तिच्याभोवती दोन तारांचे दोन वेढे आहेत. गासडी मधोमध आडवी कापली असे मनात आणा. त्या कापावर प्रत्येक वेढ्याची तार दोनदा येते, एकदा वरून आणि एकदा खालून. म्हणजे जोर अडवायला चार पदर आहेत. १५० भागिले चार, म्हणजे दर पदराला साडेसदतीस किलो. पिळाच्या जागी तारेची ताकद निम्म्यावर आली तरी पंचावन्न किलो उरते. काम भागते, आणि धक्क्यांसाठी थोडी शिल्लकही राहते.

खर्चाचाही अंदाज घेऊ. या तारेचे वजन मीटरला सुमारे पंचवीस ग्रॅम. नव्वद सेंटिमीटर लांब आणि छत्तीस सेंटिमीटर उंच गासडीचा घेर अडीच मीटरच्या आसपास. टोके धरून पावणेतीन मीटर तार लागली तरी ती सत्तर ग्रॅमपेक्षा कमी. दोन तारांचे एकशे पस्तीस ग्रॅम धरले तर एक किलो तारेत सात गासड्या होतात.

४. गाठ नसताना तार सुटत का नाही

माजलेल्या बैलाला अडवायचे असेल तर शेतकरी दावे नुसते हातात धरत नाही, खांबाला एक-दोन वेढे देतो आणि मग टोक धरतो. बैल कितीही ओढो, एका हाताने तो थोपवता येतो. याचे कारण घर्षण. दावे खांबावर दाबले जाते, आणि दर वेढ्याला घर्षणाने धरलेला जोर नुसता वाढत नाही, तर गुणला जातो. दोर आणि लाकूड यांच्यात मध्यम घर्षण धरले तर एका पूर्ण वेढ्याला सुमारे साडेसहा पट, दोन वेढ्यांना त्रेचाळीस पट. हाताने एक किलोचा जोर लावून दोन वेढ्यांच्या पलीकडचे त्रेचाळीस किलो धरता येतात.

तारेच्या पिळात हेच घडते. दोन्ही टोके एकमेकींभोवती फिरलेली असतात, म्हणजे प्रत्येक तार दुसरीला खांबासारखी. ताण वाढला की त्या एकमेकींना अधिकच दाबतात, आणि दाब वाढला की घर्षण वाढते. पेंढा जितका फुगतो तितका पीळ आपोआप घट्ट धरतो.

पण या व्यवस्थेत एक अट आहे. खांबाच्या उदाहरणात टोकाला हात होता. तो थोडासाच जोर लावत होता, पण लावत होता. हात सोडला की वेढे फिरून सुटतात, कारण शून्याला कितीही पटींनी गुणले तरी शून्यच. सुतळी पिळून सोडली तर ती उलगडते ती याच कारणाने: तिची टोके धरायला कोणी नसते. म्हणून सुतळीला गाठ मारावी लागते, म्हणजे तिचे टोक तिच्याच फासात अडकवावे लागते.

तारेच्या टोकाला हात कोणाचा? तिच्या स्वतःच्या ताठपणाचा. वाकवलेली तार वाकलेलीच राहते. पिळाच्या शेवटी उरलेले टोक उलगडायला काही जोर लावावा लागतो, आणि तोच जोर तिथे हाताचे काम करतो. पुढचे गुणाकाराचे काम वेढे करतात. तीन-चार वेढे पुरतात ते यामुळे. मात्र दोन्ही तारा सारख्याच फिरलेल्या हव्यात. एक तार सरळ ताणलेली आणि दुसरी तिच्याभोवती सैल गुंडाळलेली असेल, तर सरळ तार त्या गुंडाळीतून सरकून बाहेर येऊ शकते.

५. वाकलेली तार वाकलेली का राहते

वीत-दीड वीत काळी बांधकामाची तार घ्या आणि हलकेच वाकवून सोडा. ती सरळ होईल. थोडी जास्त वाकवा. आता ती पूर्ण सरळ होणार नाही, थोडीशी परत येईल आणि तिथेच थांबेल. पहिल्या वेळी पोलादातले अणू आपापल्या जागी राहून फक्त ताणले गेले होते. दुसऱ्या वेळी अणूंचे थर एकमेकांवरून सरकले आणि नव्या जागी स्थिरावले. जी थोडी परत आली ती ताणलेल्या भागाची उसळी.

छत्रीची काडी किंवा स्प्रिंगची तार घेऊन हा प्रयोग केला तर ती खूप वाकवली तरी उसळून परत येते. अशी तार गासडीला निरुपयोगी. ती पिळली तरी उलटी फिरून सुटू पाहील. गासडीची तार मऊच हवी. कारखान्यात तार साच्यातून ओढून बारीक करतात तेव्हा ती कडक होते. मग तिला भट्टीत लालबुंद तापवून सावकाश थंड करतात की ती पुन्हा मऊ होते. बांधकामाच्या तारेचा काळा रंग हा या तापवण्याने आलेला लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो.

यातच पिळाची मर्यादा लपलेली आहे. थर सरकत जातात तसे ते एकमेकांत अडकतात आणि तार त्या जागी कडक होत जाते. तीन-चार वेढ्यांपर्यंत हे कडक होणे उपकारक, कारण त्याने पीळ पक्का बसतो. पुढे पिळत गेले की कडकपणाचा ठिसूळपणा होतो आणि पिळाच्या मुळाशी, जिथे सरळ तार पहिल्या वेढ्यात शिरते, तिथे ती तुटते. कसलेल्या हाताला हे आधी कळते. आकडा सहज फिरत असतो, मग एका क्षणी अडल्यासारखा होतो. तिथे थांबायचे.

एकदा पिळलेला भाग उलगडून पुन्हा पिळणे म्हणूनच चुकीचे. तेवढा तुकडा कापून टाकून उरलेली तार वापरावी. काकडी-कारल्याच्या मांडवाला आणि कुंपणाला ती छान चालते. काळी तार फारच कडक झाली असेल तर चुलीच्या निखाऱ्यात लाल करून राखेत सावकाश निववली की पुन्हा मऊ होते. जस्ताचा मुलामा असलेल्या पांढऱ्या तारेला मात्र असे कधी तापवू नये, कारण जस्ताचा धूर श्वासात गेल्यास ताप आणि कणकण येते.

काळी घ्यावी की पांढरी, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. आपल्याकडच्या पावसात आणि दमट हवेत उघडी काळी तार लवकर गंजते. जस्ताचा थर पोलादाआधी स्वतः झिजतो आणि पोलादाला वाचवतो. खोपोलीच्या परिसरातल्या कारखान्यांत पत्र्यावर जस्त चढवतात ते याच कारणासाठी. गासडी महिन्या-दोन महिन्यांत फुटणार असेल तर काळी तार पुरे. पुढचा पावसाळा पार करायचा असेल तर पांढरी बरी.

६. पिळायची हत्यारे

पक्कड सर्वांच्या घरी असते, पण पकडीने दिवसभर तारा पिळणे हा मनगटाचा छळ आहे. मनगट एका वेळी जेमतेम अर्धा फेरा फिरते. दर वेळी पकड सोडायची, हात उलटा न्यायचा, पुन्हा धरायची. चार वेढ्यांसाठी आठ वेळा.

यावरचा पहिला उपाय म्हणजे आकडा. पोलादी सळीचे टोक हुकासारखे वाकवलेले, मध्ये सळीला कोन दिलेला आणि मागे मोकळी फिरणारी मूठ. तारेची दोन्ही टोके दुमडून आकड्यात अडकवायची आणि मूठ गोल फिरवायची. सळीला कोन असल्यामुळे हाताचे छोटे वर्तुळ आकड्याच्या पूर्ण फेऱ्यात बदलते आणि मूठ मोकळी असल्याने मनगटाला पीळ बसत नाही. बांधकामावर हाच आकडा दिसतो.

दुसरे हत्यार अधिक चतुर आहे. त्यात आकड्याच्या सळीवर मोठ्या तिरप्या आट्यांची खाच कोरलेली असते आणि मुठीत त्या खाचेत बसणारा खिळा असतो. मूठ मागे ओढली की सळी गरगर फिरते. आत बसवलेली स्प्रिंग मुठीला पुन्हा पुढे आणते आणि त्या वेळी आकडा उलटा फिरू नये अशी सोय केलेली असते.

ओढले की फिरते, हे कसे? नेहमीच्या बोल्टवर नट फिरवला की तो पुढे सरकतो, पण नट नुसता ओढला तर बोल्ट फिरत नाही. फरक चढाचा आहे. आठ मिलिमीटर जाडीच्या साध्या बोल्टचा घेर पंचवीस मिलिमीटर आणि एका फेऱ्यात नट सरकतो सव्वा मिलिमीटर. पंचवीसला सव्वा, म्हणजे अगदी सौम्य चढ. एवढ्या सौम्य चढावर घर्षणच वरचढ ठरते आणि काही घसरत नाही. आता त्याच जाडीच्या सळीवर एका फेऱ्यात चाळीस मिलिमीटर सरकणारा आटा कोरला, तर चढ इतका उभा होतो की घर्षण त्याला रोखू शकत नाही. बारा सेंटिमीटर ओढले की तीन फेरे पूर्ण. गासडीला लागणारा पीळ एकाच ओढीत तयार. आणखी एक फायदा असा, की ओढीची लांबी ठरलेली असल्यामुळे पिळाची संख्याही ठरलेली राहते. दमलेल्या हाताने कमी किंवा उत्साही हाताने जास्त पिळण्याचा धोका कमी होतो.

तिसरे हत्यार गासडीजवळ नसतेच. ते असते फळीवर ठोकलेले. एक जाड खिळा, त्याच्या बाजूला तार घट्ट धरणारा चिमटा आणि खिळा फिरवायला दांडा. तारेचे एक टोक खिळ्याभोवती वळवायचे, दोन्ही पदर चिमट्यात धरायचे आणि दांड्याला तीन फेरे द्यायचे. खिळ्यावरून काढले की तारेच्या टोकाला तयार फास मिळतो. असे फास असलेल्या तारा आधी करून ठेवल्या की पेटीजवळचे काम निम्मे होते: तार फटीतून भोवती न्यायची, मोकळे टोक फासातून ओवायचे, मागे वळवायचे आणि पिळायचे.

मला या साध्या फळीचे मोल सर्वांत जास्त वाटते. पेटी दाबून धरलेली असते तोवर तिच्याभोवतीची सगळी माणसे थांबलेली असतात. तिथे वाचलेले प्रत्येक मिनिट सगळ्यांचे वाचते. फास करण्याचे काम मात्र पावसाच्या दिवसांत पडवीत बसून, एका माणसाला, घाई न करता करता येते. शिवाय सगळ्या तारा एकाच मापाने कापल्या जातात, म्हणून गासड्याही एकसारख्या होतात. वेल्डिंगवाल्याकडून असे साधन थोड्या खर्चात करून घेता येते. खिळ्याची जाडी तारेच्या निदान चौपट ठेवावी, म्हणजे फास फार तीव्र वळत नाही आणि वळणावर तार कमजोर होत नाही.

७. यंत्र एकाच वेळी दोन पीळ कसे देते

रद्दी कागद आणि पुठ्ठा दाबणाऱ्या मोठ्या आडव्या यंत्रांत माणूस आकडा फिरवत नाही. तिथे वरच्या आणि खालच्या बाजूने दोन तारा येतात. गासडी भरली की एक लांब सुई तारेला पलीकडे नेते आणि तारा शेजारी शेजारी येऊन एका दातेरी चाकाच्या खाचेत बसतात. ही खाच चाकाच्या कडेपासून मध्यापर्यंत कापलेली असते. चाक फिरते आणि तारा पिळल्या जातात.

इथे एक मजेदार गोष्ट घडते. तारांच्या दोन्ही बाजू बाहेर धरलेल्या आहेत आणि चाक मध्ये फिरते आहे. त्यामुळे चाकाच्या एका बाजूला उजवा पीळ पडतो तर दुसऱ्या बाजूला तेवढाच डावा. दोन्हींची बेरीज शून्य. मग पाते मधोमध तार कापते. एका बाजूचा पीळ भरलेल्या गासडीचा वेढा बंद करतो. दुसऱ्या बाजूचा पीळ वरची आणि खालची तार पुन्हा जोडून ठेवतो, म्हणजे पुढच्या गासडीसाठी तार तयार असते. एका फिरण्यात एक शेवट आणि एक सुरुवात.

सुतळीने असे नुसत्या चाकाने करता येत नाही, कारण सुतळीला खरी गाठ लागते. अमेरिकेत १८७० च्या दशकात कापणी करून पेंढ्या बांधणारी यंत्रे आली ती आधी तारेची होती, कारण पिळणारे यंत्र सोपे. पण तारेचे तुकडे धान्यात आणि चाऱ्यात जाऊ लागले आणि शेतकरी तक्रार करू लागले. त्याच दशकाच्या अखेरीस विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबी याने पक्ष्याच्या चोचीसारखे उघडणारे आणि मिटणारे एक टोक वापरून सुतळीची गाठ मारणारी यंत्रणा सिद्ध केली. चोच फिरून सुतळीचा फास करते, टोके चोचीत धरते आणि फास त्यावरून ओढला जातो. आज ट्रॅक्टरमागे चालणारी पेंढ्याची बेलर यंत्रे दोरीने गासडी बांधतात तेव्हा त्यांच्या गाठीत हीच कल्पना असते.

८. गोठ्यातली तार

तारेच्या तुकड्यांबद्दलची ती तक्रार अकारण नव्हती, आणि ती आजही लागू आहे. गाय-म्हैस चारा नीट चावून गिळत नाही. आधी भराभर पोटात घेते आणि मग निवांत रवंथ करते. त्यामुळे चाऱ्यातला तारेचा तुकडा तिच्या जिभेला कळत नाही. तो जड असल्याने पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, जाळीदार पोटात जाऊन बसतो. या कप्प्यापुढे फक्त पडदा आणि पडद्यापलीकडे हृदय. पोट आकुंचन पावताना टोकदार तार भिंत भेदून पुढे सरकली तर हृदयाच्या आवरणापर्यंत पोचते. जनावर चारा टाकते, दूध आटते, पाठ कमानीसारखी धरते, उतारावरून चालायला कचरते, आणि पुढे छातीशी सूज येते. सूज येईपर्यंत थांबले तर बहुधा उशीर झालेला असतो. पशुवैद्य काही वेळा जनावराच्या पोटात लोहचुंबक सोडतात, म्हणजे लोखंडी तुकडा त्याला चिकटून राहतो. पण तो उपाय तार पोटात जाऊ न देण्याइतका चांगला नाही.

सर्वांत घातक तुकडे गासडी फोडताना होत नाहीत, कडबा कुट्टीच्या यंत्रात होतात. न काढलेली तार पेंढ्याबरोबर यंत्रात गेली तर एका तारेचे बोटभर लांबीचे अनेक टोकदार तुकडे होऊन थेट गव्हाणीत पडतात.

म्हणून गासडी फोडणाऱ्याने एवढे करावे. कोयत्याने तार तोडू नये, तार कापायची कातर वापरावी. पीळ आहे त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला तार एकाच ठिकाणी कापावी आणि पीळ धरून ओढावी, म्हणजे ती अखंड एका तुकड्यात बाहेर येते. पिळाजवळ कापली तर तोच छोटा तुकडा चाऱ्यात पडतो. गासडीला दोन तारा होत्या तर हातात दोन आल्या का, हे मोजावे आणि लगेच खुंटीला अडकवाव्यात. सर्व तारा खुंटीवर आल्याशिवाय कुट्टीचे यंत्र सुरू करू नका, आणि एखादा तुकडा कमी भरला तर ती गासडी जनावरापुढे टाकू नका.